अंगणातली मांडवी

आमच्या घरमालकांना डावं-उजवं मान्य नव्हतं. त्यांच्या गोंदियाच्या घराला फक्त हेड आणि टेल होती. नळ ज्या कोपऱ्यात होता ते हेड. तिथून सगळ्यात लांबची, संडासाला लागून असलेली खोली ती टेल. ती कोणी घेत नसे म्हणून मला मिळाली, आणि बी.एस्सी. होईपर्यंत मी टेललाच राहिले. नवा पोस्टमन आला की घरमालक काका ओट्यावरून सांगत, "खाली जा, अजून खाली, टेलले पोरगी राह्यते." सपाट अंगणात खाली म्हणजे कुठं, हे त्या बिचाऱ्याला कळत नसे.

काकांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर गेली. दारं उचलायची, पाणी सोडायचं आणि दोन्ही काठांच्या शिव्या खायच्या. कालव्याच्या तोंडाशी, म्हणजे हेडला, ज्याचं शेत, त्याला पाणी आपसूक मिळतं. शेवटी, टेलला, ज्याचं शेत, त्याला मिळेलच असं नाही. वरचे अडवतात, मधले फोडतात, आणि कागदावर मात्र पाणी सगळ्यांना पोचलेलं असतं. काकांचा कागदावर विश्वास नव्हता. पाणी सोडलं की ते सायकल काढून थेट शेवटच्या शेतापर्यंत जात आणि मातीत बोट खुपसून पाहत. ओल लागली तरच घरी येऊन जेवत. काकू सांगायच्या, लग्नानंतरचं पहिलं वर्ष त्यांनी ताट झाकून ठेवण्यातच काढलं.

नोकरी संपली, बोट राहिलं. "टेल भिजली का?" हा प्रश्न ते कशालाही लावत. पंगतीत वाढायला उभे राहिले की शेवटच्या पानापासून सुरुवात करत. एका नातेवाइकाच्या लग्नात त्यांनी वरपक्षाचे मानकरी तसेच ठेवून आधी बॅन्डवाल्यांना वाढलं. व्याही रुसून उठले, त्यांना परत बसवता बसवता वधूपित्याची दमछाक झाली. काकू म्हणाल्या, "लगन मोडलं असतं तुमच्यापायी." काका हात धूत होते. म्हणाले, "पन टेल त भिजली."

माझा पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्याकडं गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी लाजत सांगत नाही, मिरवत सांगते. पहिला वर्ग होता माझा. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "तुमच्या वर्गात सगळ्यात शेवटी कोन होता? तो पास झाला का?" मला राग आला. माझे गुण विचारायचे सोडून हा माणूस भलत्याचीच चौकशी करून राहिला, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र मी कॉलेजात जाऊन तो शेवटचा मुलगा शोधला. काकांना काहीतरी सांगावं तर लागणारच होतं. तो एका विषयात राहिला होता. काकांनी त्याला घरी बोलावून घेतलं, जेवू घातलं आणि मला सांगितलं, "याले तो विषय शिकव." पुढचं वर्षभर मी शिकवला.

काकांची दुसरी खोड म्हणजे तालीम. कुठंही जायचं तर आधी घरी तालीम. भाच्यानं काकूंना विमानाचं तिकीट पाठवलं तेव्हा काकांनी त्यांना बिरसीच्या विमानतळाशी नेलं. तिथं विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर चढउतार करत असतात. कुंपणाबाहेर धानाच्या बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, कडेला खुर्ची टाकून काकांनी काकूंना बसवलं, पोटाला उपरणं बांधलं आणि कानात कापूस घालायला दिला. सगळी सकाळ काकू तशा बसून होत्या. प्रवास करून परत आल्यावर त्या म्हणाल्या, "विमान सोपं होतं जी. कुंपन कठीन होतं."

मग माझं प्रकरण आलं.

शेवटच्या परीक्षेनंतर मला नोकरीचं पत्र आलं. कच्छच्या किनाऱ्यावर एका मिठागराच्या प्रयोगशाळेत, रसायनं तपासायचं काम. राहायला क्वार्टर. जूनच्या शेवटापर्यंत रुजू व्हायचं. मी ते पत्र घेऊन गावी गेले. आमचं गाव नवेगाव बांधाच्या तलावाकाठी. बाबा मासेमारी करतात आणि थोडी धानाची बांधी आहे. बाबांनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, तिथं तलाव आहे का? मी म्हटलं, समुद्र आहे. ते म्हणाले, समुद्र नाही विचारला. मी म्हटलं, वाळवंटाचा भाग आहे. तिथं त्यांचं बोलणं संपलं. आमच्याकडं ज्या गावाला तलाव नाही तिथं पोरगी देत नाहीत. सोयरीक आली की मुलाआधी तलाव पाहतात. बाबा वाईट माणूस नाहीत, मला शिकायला त्यांनीच पाठवलं. पण कोरड्या गावाला पोर धाडायची म्हणजे त्यांना ती टाकून दिल्यासारखी वाटत होती. आई मधे पडली नाही.

मी परत गोंदियाला आले आणि टेलच्या खोलीत दार लावून बसले. काकूंनी कारण काढून घेतलं आणि काकांना सांगितलं. काका दारात येऊन उभे राहिले.

"तू पाह्यलं का ते गाव?"

मी म्हटलं, नाही.

"बापानं पाह्यलं?"

"नाही."

"मंग भांडता कायले? न पाह्यलेल्या जागेवरून दोघं बापलेक भांडून राहिले. पाहून या, मंग भांडा."

मी म्हटलं, हिवाळ्यात जाऊ म्हणतील. काका उखडले. जागा पाहायची तर उन्हाळ्यात, असं त्यांचं म्हणणं. कालवा भरलेला असला की सगळा चांगला दिसतो, भेगा कळतात त्या मे महिन्यात. "कोरडा कालवा खरं बोलते," ते म्हणाले, आणि त्याच आठवड्यात नवेगावला जाऊन बाबांना भेटून आले.

काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. काकांनी नकाशा नेला होता. भुजपर्यंत रेल्वेनं, तिथून गाडी करून किनाऱ्याकिनाऱ्यानं, मांडवी पाहून पार पश्चिमेच्या टोकाला, येताना मिठागर. एवढासा फेरा. बाबा मान हलवत बसले होते. तेव्हा काकांनी नकाशावर बोट ठेवलं. टोकाजवळ मोठा निळा पट्टा होता. "भाऊ, तलाव नाई म्हनता? हे काय आहे? तुमच्या बांधाहून दहा पट मोठा." बाबांनी तो निळा पट्टा बराच वेळ पाहिला आणि यायला कबूल झाले. तिथं तलाव असेल तर पोरगी पाठवीन, असंही म्हणाले. दोघांनी हातावर हात मारला.

आता सांगते, आम्हा कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मी पदवीधर, काका पाण्यातच म्हातारे झालेले, बाबा पाण्यावर पोट भरणारे. आम्ही सगळे तलावाकाठचे. निळं म्हणजे पाणी, त्यात विचार करायचं काय?

पुढचा महिना काकांनी योजनेत घालवला. नकाशा बाजेवर पसरलेला असे आणि प्रत्येक मुक्कामावर धानाचा एक दाणा. मी मोबाईलवर रस्ता दाखवला तर म्हणाले, "मोबाईल रस्ता सांगते, सावली नाई सांगत." दुपारी कुठं थांबायचं, सूर्य कोणत्या खिडकीतून येईल, कोणी कधी कुठं बसायचं, हे सगळं दाण्यांनी ठरत होतं. एकदा काकूंची कोंबडी बाजेवर चढली आणि मांडवी खाऊन गेली. काकांनी सगळा मार्ग पुन्हा मांडला. काकू म्हणाल्या, "तिले बी न्या आता, तिले रस्ता माईत झाला."

आणि मग तालीम. काकांची एक जुनी व्हॅन अंगणात उभी असे. अजून आहे, चाकं मातीत रुतली आहेत. मे महिन्यातल्या गोंदियाच्या भर दुपारी, काचा अर्ध्या लावून, काका चालकाच्या जागी, काकू शेजारी, मागं बाबा आणि मी. बाबांना त्यासाठी मुद्दाम गावाहून बोलावलं होतं. भुज ते मांडवी. गाडी जागची हलत नव्हती, पण काका मधून मधून सांगत होते, आता बाभळी लागल्या, आता उंट दिसून राहिले. बाबा आधी काकांकडं, मग बाहेरच्या न्हाणीकडं पाहत. उंट काही त्यांना दिसला नाही. पाण्याची कॅन एकच. ती पहिल्यांदा मागच्या कोपऱ्यात, म्हणजे माझ्याकडं, आणि मग पुढं. बाबांनी मधेच हात केला तर काकांनी आरशातून डोळे वटारले, "आधी टेल भिजू द्या, भाऊ."

गल्लीतला किराणावाला फाटकाशी थांबला. "कहाँ जा रहे हो काका?"

"मांडवी."

"कब पहुँचोगे?"

"अभी रास्ते में हैं."

त्यानं आत एकदा पाहिलं, बाबांना नमस्कार केला आणि गंभीर चेहऱ्यानं निघून गेला. गाडी थांबवायची वेळ झाली की काकू उतरून स्वयंपाकघरात जात आणि ढाबेवाली होऊन ताक आणि बाजरीची भाकर घेऊन येत. बाबांनी दोन वेळा भाकर खाल्ली. तिसऱ्यांदा हळूच विचारलं, "साहेब, या ढाब्यावर भात नाई भेटत का?" काका म्हणाले, "तिकडं नाई भेटनार भाऊ, आतापासून सवय करा." काकूंनी मात्र न्हाणीच्या मागं नेऊन बाबांना भात वाढला. मी पाहिलं, काकांनीही पाहिलं. ते खिडकीबाहेर तोंड करून उंट मोजत बसले.

लोक हसत. मीही हसले. पण त्या व्हॅनमध्ये घामानं भिजून बसल्यावर बाबा पहिल्यांदा मला नोकरीबद्दल विचारू लागले. मिठात काय तपासायचं असतं? सगळं मीठ सारखंच नसतं का? तुझ्यासोबत आणखी पोरी आहेत का? घरी हे कधी विचारलं नव्हतं. घरी ते उठून जाऊ शकत होते. मांडवीच्या रस्त्यावर कुठं जाणार?

खरा प्रवास सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे इतके तयार होतो की भुजच्या जीपवाल्याला आश्चर्य वाटलं. सावली बदलली की आम्ही न बोलता जागा बदलायचो. मांडवीला बाबांनी समुद्र पाहिला, ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावलं आणि थुंकले. "एवढं पानी, आन पोराले पाजता येत नाई," म्हणाले. पण होड्या दुरुस्त करणाऱ्या माणसांजवळ बराच वेळ उकिडवे बसून राहिले. काका मला कोपरानं ढोसत होते, पाहा, पाहा, जमून राहिलं.

दुसऱ्या दिवशी निळ्या पट्ट्याकडं निघालो. रस्ता सरळ, दोन्हीकडं खुरटी बाभूळ, वारा भट्टीसारखा. गावं मागं राहिली. जीपवाला म्हणाला, "साहब, उधर कुछ है नहीं."

"पानी है," काका म्हणाले.

त्यानं आरशातून आम्हा सगळ्यांकडं पाहिलं, मांडीवर आंघोळीचा पंचा घेऊन बसलेल्या बाबांकडं जरा जास्त, आणि गाडी हाकत राहिला.

तिथं पोचलो तेव्हा दुपार होती. रस्ता संपला आणि पुढं पांढरं होतं. आभाळाला टेकेपर्यंत पांढरं, भेगाळलेलं, एकाही पाखराशिवाय. लांब कुठंतरी पाण्यासारखं चमकत होतं, पण पुढं गेलं की तेही पुढं सरकत होतं. बाबा उतरले. मांडीवरचा पंचा खांद्यावर टाकला.

काकांनी चपला काढल्या. त्या तापल्या जमिनीवर अनवाणी आत चालत गेले, वाकले आणि मातीत बोट खुपसलं. आयुष्यभर खुपसलं तसंच. बोट आत गेलंच नाही. जीपवाल्याला त्यांची दया आली असावी. तो म्हणाला, "बारिश में भरता है साहब. पूरा समुंदर जैसा." मला वाटलं, सुटलो. हे एक वाक्य धरून काका बाबांना समजावतील, पावसाळ्यात पाहा म्हणतील. माझी सगळी नोकरी त्या वाक्यावर उभी होती.

काका परत आले. तळपाय लाल झाले होते.

"भरते त भरते. आज कोरडं आहे," ते म्हणाले. मग बाबांसमोर उभे राहिले. "भाऊ, चुकलं माझं. निळ्यावर भरोसा ठेवला. तुमाले तलाव सांगून एवढ्या दूर आनलं, तलाव नाई. शब्द झालता आपला. आता पोरीले नाई पाठवलं त मी तोंड उघडनार नाई."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं? आज मात्र कोणी मला खरा माणूस कसा असतो विचारलं, तर मला ते लाल तळपाय आठवतात.

परतीच्या वाटेला लागलो. काकांनी कॅन मागं दिली, मी प्यायले नाही. मिठागर वाटेतच होतं, नाहीतर तिथं थांबायचं कारणही उरलं नव्हतं. काकूच म्हणाल्या, आलोच आहोत तर पोरीला निदान पाहू द्या.

कच्च्या रस्त्यानं आत गेलो आणि बाबा एकदम पुढं झुकले. "थांबवा," म्हणाले.

समोर बांध्या होत्या. आमच्या धानाच्या असतात तशाच. चौकोनी, सपाट, चारी बाजूंनी धुरा म्हणजे मातीचा बुटका बांध, आणि एकीतलं पाणी धुऱ्याला तोंड पाडून दुसरीत सोडलेलं. फक्त पाण्याखाली चिखलाऐवजी पांढरं पीक होतं. डोक्याला फडकं बांधलेला एक माणूस लाकडी दाताळ्यानं मीठ ओढत होता, पलीकडं त्याची बायको. बाबा धुऱ्यावर चढले. आमच्याकडची माणसं धुऱ्यावर चालतात तेव्हा खाली पाहत नाहीत, पायांना ठाऊक असतं. बाबा तसे चालत निघाले आणि मधेच थांबले. एका जागी धुरा पाझरत होता. त्यांनी धोतर वर खोचलं, टाचेनं माती दाबली, पुन्हा दाबली. मीठवाल्यानं पाहिलं, काही न विचारता फावडंभर ओली माती आणून टाकली. दोघांनी मिळून ती जागा तुडवून बंद केली. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. थोड्या वेळानं बाबा हातवारे करून त्याला धुऱ्याचा उतार चुकला आहे असं सांगताना दिसले, आणि तो तितक्याच जोरात नाही म्हणत होता.

काका रस्त्यावरच उभे होते. तोंड उघडणार नाही म्हणाले होते, ते खरंच उघडत नव्हते.

मी बाबांच्या मागं निघाले होते, पण ऊन डोक्यात गेलं आणि मी सगळ्यात शेवटच्या कोपऱ्यावर डोकं धरून बसले. मीठवाल्याच्या बायकोनं झोपडीतून पाण्याची कॅन आणि लोटा आणला. तिथं प्यायचं पाणी टँकरनं येतं, ते लोक जपून वापरतात. ती रस्त्यावरून आली. कॅन मागं पोचवायला काकांनी सवयीनं हात पुढं केला, तिनं दिली नाही. धुऱ्यावर बाबा उभे होते, त्यांनाही नाही. सगळ्यांना ओलांडून ती माझ्यापर्यंत आली आणि "पहले बेटी को" म्हणत लोटा माझ्या तोंडाला लावला. उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर थापलं. मग परत फिरली आणि बाबांना दिलं, नवऱ्याला दिलं, आणि सगळ्यात शेवटी काकांना.

काकांनी लोटा हातात धरला. पीत नव्हते.

बाबा धुऱ्यावरून उतरून त्यांच्यापाशी आले. महिनाभर ते काकांना साहेब म्हणत होते.

"भाऊ," बाबा म्हणाले, "टेल भिजली. जाऊ द्या पोरीले."

काकांनी पाणी पिऊन टाकलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, निदान हसतील तरी. त्यांनी लोटा त्या बाईला परत दिला, तोंड पुसलं आणि मीठवाल्याकडं वळले.

"भैया, ये पानी आखिर में कहाँ तक जाता है? इसका टेल किधर है?"

मीठवाल्यानं हात लांब केला. बांध्यांमागं बांध्या, पार क्षितिजापर्यंत चमकत होत्या. काका चपला हातात घेऊन धुऱ्यावर चढले आणि निघाले. त्यांच्या मागं बाबा. जीपवाला हॉर्न वाजवत राहिला.

"हे तालमीत नोतं," काकू म्हणाल्या, आणि छत्री उघडून त्यांच्या मागं गेल्या.